मिकीला मिठी मारण्याआधी

2019 च्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या तीन तक्रारी स्थानिक पोलिसांच्या दप्तरी गेल्या. तक्रारदार होते मिकी माउस, मिनी आणि डोनाल्ड डक यांचे पोशाख घालून पर्यटकांना भेटणारे कर्मचारी. मिनीला भेटायला आलेल्या एका वयस्क पुरुषाने तिच्या छातीला हात लावला. डोनाल्डच्या अंगावरून एका पर्यटक बाईने नको तसा हात फिरवला. आणि मिकीच्या डोक्यावर एका बाईंनी पाच-सहा थापा मारल्या. त्या थापा कौतुकाच्या होत्या. पण तो भलामोठा मुखवटा आतल्या माणसाच्या मानेवर पेललेला असतो. त्या थापांनी मान दुखावली आणि कर्मचाऱ्याला रुग्णालय गाठावं लागलं.

पहिल्या दोन प्रकारांबद्दल चर्चेला जागाच नाही. ते गैरवर्तन आहे, आणि मिनीच्या तक्रारीतल्या त्या पुरुषाला डिस्ने वर्ल्डने प्रवेशबंदीही केली. अस्वस्थ करतो तो तिसरा प्रकार, कारण तो कोणत्याही साध्या, सुसंस्कृत कुटुंबाकडून होऊ शकतो. आपल्याकडे तर कौतुक हातानेच व्यक्त होतं. गाल ओढायचा, पाठीत प्रेमाचा धपाटा घालायचा, दंडाला धरून फोटोसाठी जवळ खेचायचं. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. तरीही समोरच्याला दुखतं, आणि समोरच्याला ‘अहो, दुखतंय’ असं म्हणायची मुभा नसते.

उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये, हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये आता मराठी हमखास कानावर पडतं. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आई-बाबांची अनाहाइम किंवा ऑर्लँडोच्या डिस्ने उद्यानाची फेरी तर ठरलेलीच. पर्यटन कंपन्या या प्रवाशांना व्हिसाची, सामानाच्या वजनाची, गरम कपड्यांची यादी देतात. लाडक्या कार्टूनला भेटताना कसं वागायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं. कारण त्या दोन मिनिटांच्या भेटीत दोघांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. एक, पोशाखातला माणूस, ज्याला बोलायला मनाई आहे. दुसरं, दोन-तीन वर्षांचं मूल, ज्याला नीट बोलता येत नाही. बोलू शकतात ते फक्त बरोबरचे मोठे. आणि नेमके तेच फोटोच्या नादात असतात.

पोशाखातल्या माणसाचं काम नेमकं कसं चालतं, हे कळलं की बरंचसं आपोआप समजतं. 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं, तेव्हा मिकी-मिनीचे पोशाख बर्फावर नाच करणाऱ्या ‘आइस कपेड्स’ या संचाकडून उसने आणले होते. जुन्या छायाचित्रांतले ते पोशाख आज पाहवत नाहीत, इतके ओबडधोबड दिसतात. पुढे पोशाख सुधारले आणि भेटीगाठींची एक शिस्तशीर पद्धत बसली. पात्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार झाले. सिंड्रेला, एल्सा यांच्यासारखी पात्रं, ज्यांचा चेहरा उघडा असतो आणि जी बोलतात. आणि मिकी, गूफी, टिगर, प्लुटो यांच्यासारखी, ज्यांचं पूर्ण अंग झाकलेलं असतं आणि जी सहसा फक्त खाणाखुणांनी बोलतात. या दुसऱ्या प्रकारातल्या माणसाला बाहेरचं जग मुखवट्यातल्या एखाद्या जाळीतून दिसतं. ही जाळी कधी डोळ्यांच्या जागी असते, कधी तोंडाच्या. बाजूचं फारसं दिसत नाही, आणि पायाशी उभं असलेलं मूल तर बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून पात्रासोबत एक मदतनीस असतो. रांग सांभाळणं, पात्राचे डोळे होणं आणि गरज पडली तर मध्ये पडणं ही त्याची कामं. मदतनीस काही सांगत असेल, तर ते पात्रानेच सांगितलं असं समजावं.

न दिसण्याचा हा मुद्दा किरकोळ नाही. 2004 साली ऑर्लँडोत एक खटला उभा राहिला. फोटो काढताना टिगरच्या पोशाखातल्या कर्मचाऱ्याने एका अल्पवयीन मुलीला अयोग्य स्पर्श केला, असा आरोप होता. बचाव पक्षाच्या वकिलाने टिगरचा पोशाख न्यायालयात आणला, अंगावर चढवला आणि त्या जाडजूड पंजांनी, त्या मर्यादित नजरेने काय करता येतं आणि काय नाही, हे ज्युरीला दाखवलं. ज्युरीने कर्मचाऱ्याला निर्दोष ठरवलं. आता दुसरी बाजू. जुलै 2022 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ‘सेसमी प्लेस’ या उद्यानातली एक चित्रफीत जगभर पसरली. मिरवणुकीत रोझिता नावाचं पात्र बाकीच्यांना टाळ्या देत पुढे येतं आणि मिठीसाठी हात पसरलेल्या दोन लहान कृष्णवर्णीय मुलींसमोर मान हलवून ‘नाही’ अशी खूण करून निघून जातं. त्या मुलींचे पडलेले चेहरे पाहून कुणालाही वाईट वाटेल. पोशाखातून खालच्या उंचीवरचं कधी कधी नीट दिसत नाही, असा खुलासा उद्यानाने केला. तो लोकांना पटला नाही, उद्यानाला माफी मागावी लागली आणि कर्मचाऱ्यांना पूर्वग्रहांविषयी प्रशिक्षण देण्याचं जाहीर करावं लागलं. भेदभावाचा आरोप करणारा एक दावाही दाखल झाला. 2024 मध्ये फिलाडेल्फियातल्या ज्युरीने भेदभाव झाला नसल्याचा निकाल दिला.

या दोन्ही प्रकरणांत न्यायालयाने काय ठरवलं ते ठरवलं. कुटुंबाने त्यातून घ्यायचं ते इतकंच: पात्राजवळ नेहमी समोरून जावं, मागून किंवा बाजूने नाही. लहान मूल असेल तर मोठ्याने त्याच्याबरोबर खाली वाकावं किंवा त्याला उचलून पात्राच्या नजरेच्या रेषेत आणावं, म्हणजे आपल्यासमोर एक बाळ आहे हे आतल्या माणसाला कळेल. पात्राच्या हातात बाळ देऊ नये. बहुतेक उद्यानांत पात्रांना मुलं उचलून घ्यायची परवानगी नसते, आणि नीट न दिसणाऱ्या, जाड हातमोजे घातलेल्या माणसाच्या हातात सहा महिन्यांचं बाळ देणं शहाणपणाचंही नाही. पात्र जवळ न येता पुढे गेलं, तर तो अपमान समजून मुलासमोर त्रागा करू नये. मुलाला त्या पात्राच्या वागण्याने जितकं वाईट वाटतं, त्याहून जास्त आई-बाबांच्या चेहऱ्यावरच्या रागाने वाटतं.

आता मुलाकडे वळू. ही बाजू अधिक महत्त्वाची.

1969 मध्ये रीटा डेव्हरीज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचं एक शांत मांजर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दाखवलं, त्याला हात लावू दिला. मग मांजराचा पुढचा भाग आडोशाला नेऊन त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. मागचा भाग मुलांना पूर्ण वेळ दिसत होता. मुखवटा घातलेलं मांजर पुढे आल्यावर तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना ते खरोखर कुत्रा झालं आहे असं वाटलं, काहीजण घाबरलीही. सहा वर्षांच्या मुलांना मात्र हे मांजरच आहे हे पक्कं ठाऊक होतं. म्हणजे मोठी माणसं ज्याला ‘पोशाख’ म्हणतात, ती कल्पना तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यात अजून तयारच झालेली नसते. टीव्हीवर वीतभर दिसणारा उंदीर अचानक मुलाहून कितीतरी उंच होऊन, डोळ्यांची पापणीही न लवता, हात पसरून चालत येतो. मूल किंचाळलं तर त्यात नवल नाही. त्याचा अंदाज बरोबर आहे, ते काहीतरी विचित्रच आहे.

आणि अशा वेळी आपल्याकडे काय ऐकू येतं? ‘अगं, काही करत नाही तो, शेकहँड कर.’ ‘एवढ्या लांबून आलोय आपण, तिकिटाचे किती पैसे झालेत माहितीये?’ ‘बघ, ती ताई कशी उभी राहिली, रडूबाई कुठली!’ मग आजोबा मुलाला मागून धरतात, आई समोरून टाळ्या वाजवते, बाबा मोबाइल उंच धरतात आणि मुलाला ढकलत ढकलत त्या केसाळ अंगाला चिकटवलं जातं. फोटो निघतो. त्यात मूल आकांताने रडत असतं, आणि संध्याकाळी तोच फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हसण्याचा विषय होतो.

हे थांबायला हवं. 2012 साली मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आला. त्यानंतरच्या वर्षांत चांगला स्पर्श, वाईट स्पर्श हा विषय शाळांत शिकवला जाऊ लागला, घरोघरी बोलला जाऊ लागला. ‘तुला नको वाटलं तर नाही म्हण, ओरड, तिथून निघून ये’ असं आपण मुलांना शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण मूल जेव्हा खरोखर नाही म्हणतं, ओरडतं, निघून येऊ पाहतं, तेव्हा आपणच त्याला एका अनोळखी माणसाच्या मिठीत ढकलतो. मुलाने यातून काय शिकायचं? की नाही म्हणणं हे फक्त वर्गातल्या चित्रापुरतं असतं, आणि आई-बाबांना फोटो हवा असेल तेव्हा ते चालत नाही. इतक्या गंभीर विषयात एवढी विसंगती परवडणारी नाही.

घाबरणाऱ्या मुलासाठी साधा उपाय आहे. आधी लांबून बघू द्यावं. मोठ्यांनी स्वतः पात्राला हात हलवून दाखवावा, स्वतः टाळी द्यावी. मुलाने आईच्या खांद्यावरूनच हात हलवला, तर तीच भेट. चांगली पात्रं, आणि बहुतेक चांगलीच असतात, मूल घाबरलेलं दिसलं की स्वतःच दोन पावलं मागे सरतात, गुडघ्यावर बसतात, डोळ्यांवर हात ठेवून लपल्यासारखं करतात. त्यांना हे जमतं, कारण रोज शेकडो मुलं भेटतात. मोठ्यांनी फक्त मध्ये पडून ते मोडू नये. काही मुलांना गोंगाट आणि स्पर्श दोन्ही सोसत नाहीत. अशा मुलाच्या पालकांनी रांगेत असतानाच मदतनीसाच्या कानावर घातलं, तर पात्रापर्यंत निरोप पोचतो आणि भेट शांतपणे होते. बोबड्या बोलातल्या मराठीचीही लाज वाटून घेऊ नये. मिकी कोणतीच भाषा बोलत नाही, त्यामुळे त्याच्याशी कोणत्याही भाषेत बोलता येतं.

पोशाखाच्या आत काय परिस्थिती असते, याची कल्पना एका जुन्या मागणीवरून येईल. 2001 पर्यंत डिस्ने वर्ल्डमधल्या या कलाकारांना पोशाखाच्या आत घालायचे कपडे, अगदी अंतर्वस्त्रंसुद्धा, दिवसाच्या शेवटी परत द्यावी लागत आणि दुसऱ्या दिवशी साठ्यातून मिळतील ती घालावी लागत. ती नीट धुतलेली नसतात, त्यातून खरूज आणि उवांचा त्रास होतो, अशी तक्रार होती. टीमस्टर्स या कामगार संघटनेने वाटाघाटी केल्या आणि त्या वर्षी प्रत्येकाला स्वतःची वेगळी, घरी नेऊन धुता येणारी अंतर्वस्त्रं मिळाली. जगातल्या सर्वांत श्रीमंत मनोरंजन कंपन्यांपैकी एकीकडून एवढीशी गोष्ट मिळवायला संघटनेला भांडावं लागलं. 2004 च्या फेब्रुवारीत तर प्लुटोच्या पोशाखातला एक कर्मचारी मिरवणुकीच्या चित्ररथाखाली सापडून मरण पावला. मे 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या पात्र-कलाकारांनी आणि मिरवणुकीतल्या कलाकारांनी ‘ॲक्टर्स इक्विटी’ या नटांच्या संघटनेत जाण्यासाठी मतदान केलं. बाजूने 953, विरोधात 258. पगाराइतकेच पोशाखांची स्वच्छता आणि पाहुण्यांबरोबरच्या भेटीतली सुरक्षितता हे त्यांचे मुद्दे होते. कोविडच्या काळात 2020 पासून पात्रांनी लांबूनच हात हलवला. अमेरिकेतल्या डिस्ने उद्यानांत मिठी परत आली ती 18 एप्रिल 2022 रोजी. पाहुण्यांसाठी तो आनंदाचा दिवस होता. आत घुसमटणाऱ्या माणसासाठी ती रोज शेकडो अनोळखी श्वासांशी पुन्हा सुरू झालेली जवळीक होती, हेही तितकंच खरं.

म्हणून पात्र मध्येच उठून गेलं तर ओरडा करू नये. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात फरच्या पोशाखात फार वेळ उभं राहता येत नाही. ठरलेल्या वेळाने त्यांना आत नेऊन थंड करावंच लागतं. ‘आता हे शेवटचं कुटुंब’ असं मदतनीसाने सांगितलं की रांग संपली. तिथे ‘फक्त एक फोटो, प्लीज, लहान मूल आहे’ अशी घासाघीस म्हणजे माणसाच्या विश्रांतीच्या वेळेवर घातलेला हात.

रांगेबद्दल थोडं परखड बोलावं लागेल. एकाने उभं राहायचं आणि वेळ आली की बाकीच्या अकरा जणांनी आइस्क्रीम संपवून त्याला जाऊन मिळायचं, ही आपली जुनी सवय. मागे उन्हात पाऊण तास उभ्या असलेल्या कुटुंबाला ती सरळ फसवणूक वाटते, आणि तसं वाटणं रास्त आहे. त्यानंतरचा फोटोंचा कार्यक्रमही सगळ्यांच्या ओळखीचा: आधी सगळे एकत्र, मग फक्त मुलं, मग फक्त लेडीज, मग फक्त जेंट्स, मग आजी-आजोबा दोघंच, मग ‘अरे, माझ्या मोबाइलवर एक घे’. एका कुटुंबाच्या वाट्याला एक-दोन मिनिटं येतात. एक सर्वांचा, एक मुलांचा, एवढं पुरेसं आहे. मदतनीस किंवा उद्यानाचा छायाचित्रकार फोटो काढून देतो, त्यामुळे काढणारा फोटोत नाही ही अडचणही राहत नाही. मोबाइल आधीच उघडून हातात ठेवावा. सही हवी असेल तर वहीचं पान उघडून द्यावं आणि पेन जाड घ्यावं, कारण चार बोटांच्या फुगीर हातमोज्यात बारीक बॉलपेन धरता येत नाही. खाऊ देऊ नये, चिवडा कितीही घरचा असला तरी. आणि टिपही देऊ नये. डिस्नेच्या पात्रांना ती घेता येत नाही.

उघड्या चेहऱ्याच्या पात्रांशी वागताना मोठे पुरुष सर्वांत जास्त चुकतात. राजकन्येच्या कमरेला हात घालून उभं राहणं, बायको-मुलांसमोर ‘आमच्याशी लग्न कर’ असे विनोद करणं, हे सगळं ती तरुणी हसून घेते, कारण पात्राच्या बाहेर यायची तिला परवानगी नाही. तिचं हसू हा होकार नव्हे. शेजारी उभं राहावं, हात स्वतःपाशी ठेवावा. आठ-दहा वर्षांच्या मुलांची तऱ्हा वेगळी. आत माणूस आहे हे त्यांना नुकतंच कळलेलं असतं आणि ते सिद्ध करायची घाई झालेली असते. शेपटी ओढणं, पाठीमागची चेन शोधणं, पोटात गुद्दा मारून बघणं. या वयाच्या मुलाला आदल्या दिवशी हॉटेलातच खरं सांगून टाकावं: हो, आत एक दादा किंवा ताई आहे, त्यांना उकडतंय, आणि तुझ्या पुढे उभ्या असलेल्या छोट्याला हे अजून माहीत नाही. बहुतेक मुलं हे गुपित राखण्यात मोठेपणा मानतात. डिस्नेच्या उद्यानांत 14 किंवा त्याहून जास्त वयाच्या पाहुण्यांना एरवी पूर्ण पोशाख घालून येता येत नाही, काही खास कार्यक्रमांचा अपवाद सोडला तर. एखादं लहान मूल कुणा अनोळखी प्रौढालाच खरं पात्र समजून त्याच्यामागे जाऊ नये, हा त्यातला विचार. भाच्यांना खूश करायला ॲलाडिनचा वेष शिवून नेणाऱ्या हौशी मामांनी हे तिकीट काढण्याआधीच लक्षात घ्यावं.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधला एल्मो किंवा स्पायडरमॅन ही मात्र निराळी गोष्ट. तो कुठल्याही उद्यानाचा नोकर नाही, त्याचं पोट फोटोमागे मिळणाऱ्या पैशांवर आहे. वाद आणि तक्रारी वाढल्यावर शहराने 2016 मध्ये अशा लोकांसाठी चौकात रंगवलेले पट्टे ठरवून दिले. पैसे मागायचे तर तिथेच उभं राहून. पैसे द्यायचे नसतील तर नम्रपणे नाही म्हणून पुढे जावं. फोटो काढून घेऊन मग हुज्जत घालणं हे श्रमाची मजुरी बुडवणंच आहे.

आपल्याकडे सोंग घेणाऱ्या माणसाचा मान राखायची रीत मुळात होती. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवात देवांच्या मुखवट्यांची पूजा होते. दशावतारात देवाची भूमिका करणाऱ्या नटाच्या पाया पडणारी माणसं कोकणात आजही भेटतात. मुखवट्यामागचा माणूस गावचाच, ओळखीचा असतो, तरी त्या वेळी त्याला कुणी ओढत नाही की टपल्या मारत नाही. पुण्या-मुंबईच्या वाढदिवसांत छोटा भीम किंवा मिकी होऊन येणाऱ्या पोराला मात्र हा मान मिळत नाही. त्याच्याबरोबर ना मदतनीस असतो, ना संघटना, ना विश्रांतीची ठरलेली वेळ. पोशाख बहुधा भाड्याचा, कालच्या घामाचा. मे महिन्यात, पंखा नसलेल्या पार्किंगच्या हॉलमध्ये तो दोन दोन तास नाचतो, पंचवीस मुलं त्याच्यावर लोंबकळतात, आणि आई-वडील ते मोबाइलवर टिपत असतात.

परदेशातल्या उद्यानांची व्यवस्था आपल्या हातात नाही, पण या हॉलमधली आहे. वाढदिवसाची सुपारी देतानाच इव्हेंटवाल्याला सांगता येतं की दर वीस मिनिटांनी तो आत जाऊन मुखवटा काढेल, आणि त्यासाठी एक खोली व पंखा यजमान देतील. त्याला पाणी आणि केकचा तुकडा मुलांच्या नजरेआड, पण सगळे दमून गेल्यावर नव्हे, तर कार्यक्रमाच्या मध्येच मिळायला हवा. घरातल्या एका मोठ्या माणसाने पूर्ण वेळ त्याच्याशेजारी उभं राहावं, शेपटीला लोंबकळणाऱ्याचा हात सोडवावा आणि कोपऱ्यात आईचा पदर धरून रडणाऱ्या दोन वर्षांच्या पाहुणीपासून त्याला लांब न्यावं. आणि ठरलेले पैसे त्याच दिवशी, त्याच्या हातात द्यावेत.